खोक्यातले जबडे

तिसगावहून नगरला जाताना एसटीत एक माणूस माझ्या शेजारी बसला. मांडीवर बुटाचं खोकं. माझी सात वर्षांची नात मला टेकून, तोंड उघडं टाकून घोरत होती. तो पापणी न हलवता तिच्या तोंडात बघत होता.

"काय बघतो रे?" मी विचारलं.

"आजी, ही रोज अशीच झोपती? अंगठा बी चोखत असंल."

चोखत होती. मी त्याला सांगितलं नव्हतं.

"दुधाचे दात हायेत," मी म्हणाले. "पडले की छपरावर टाकू. नवे सरळ येत्यात."

त्याने खोकं उघडलं. आत पोरांचे पांढऱ्या प्लास्टरचे जबडे होते. दातांचे डॉक्टर ठसे घेतात, हा त्यावरून दात-जबडा सरळ करायच्या प्लेटी बनवतो. गाडी आदळली की ते सगळे दात वाजवत. त्यातला एक, दातावर दात चढलेला, त्याने नातीच्या गालाजवळ धरला.

"ही पोरगी पंधराव्या वर्षी आली. चांगले चार दात काढाया लागले. दात पडत्यात, आजी. जबडा पडत न्हाई. सातव्या वर्षी एकदा दाखवून घ्या."

भिंगारला तो उतरला.

त्याच आठवड्यात मी नातीला दातांच्या डॉक्टरला दाखवलं. वरचा जबडा अरुंद निघाला, म्हणून ती तोंडाने श्वास घेत होती. वेळेत आणली म्हणून प्लेटवर भागलं. आता दुपारी ती तोंड मिटून झोपते. घर इतकं गप्प होतं, की मी निवडायचे तांदूळ बाजूला ठेवून तिच्या नाकाखाली बोट धरते.