संमतीची सही

आमच्या घरी ती आली तेव्हा दहा वर्षांची होती. अमरावतीच्या एका बालगृहातून बाल कल्याण समितीने तिला आमच्याकडे सोपवलं. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका, नवरा गावाबाहेरच्या दीड एकरात वांगी, मेथी, झेंडू लावणारा. आम्हाला मूल नव्हतं. कायद्यात आम्हाला प्रतिपालक म्हणतात. म्हणजे जेवू घालायचं, शिकवायचं, तापात उशाशी बसायचं. आईबाप म्हणून सही मात्र करायची नाही. सात वर्षं त्यावाचून काही अडलं नाही. ती मला मावशी म्हणायची, पण बोलायची आईशी बोलतात तशी. "मावशे, तू काहून जेवली नाईस अजून?"

दहावीनंतर तिने सैन्यात जायचं ठरवलं. रोज सकाळी शेताच्या रस्त्यावर धावायची. माझा नवरा मोटारसायकलवर मागे, एका हातात मोबाइल धरून वेळ मोजत. लेखी परीक्षा अकोल्याला होती. मीच घेऊन गेले. केंद्रातून बाहेर आली, बाटलीभर पाणी एका दमात प्यायली आणि म्हणाली, "मावशे, काढतो मी हे."

आणि तिने काढलंच. मैदानी चाचणीचं बोलावणं आलं. सोबत कागदपत्रांची यादी होती. अठरा वर्षांखालील उमेदवारासाठी आईवडिलांचं किंवा कायदेशीर पालकाचं संमतीपत्र. तिला अठरा पूर्ण व्हायला पाच महिने होते, चाचणी सव्वा महिन्यावर. थांबावं तर लेखी परीक्षा वाया जाणार, पुन्हा पहिल्यापासून सगळं.

समितीने कागद उलटेपालटे केले आणि सांगितलं, एवढा मोठा निर्णय आम्ही घेऊ शकत नाही, कोर्टात जा. बाप कधीच वारला होता, म्हणून कोर्टाने आधी तिच्या जन्मदात्या आईला नोटीस काढली. ती अकोल्याला होती, दुसरा संसार मांडून. आठ वर्षांत लेकीला एकदाही भेटली नव्हती. तारखेला आली, भिंतीला टेकून उभी राहिली. विचारल्यावर एवढंच म्हणाली, "मले काई त्रास नाई. जाऊ द्या तिले." पोरीकडे तिने पाहिलंसुद्धा नाही.

न्यायाधीश बाई साधारण माझ्याच वयाच्या. आवाज मऊ. मला त्यांच्याविषयी आजही वाईट बोलवत नाही. त्यांनी मुलीला आत बोलावून पाऊण तास ऐकून घेतलं. मग मला बोलावलं.

"तिला मागे कोणी नाही, म्हणून ती सैन्यात चालली आहे, असं तुम्हाला वाटतं का?"

"नाही मॅडम. तिला धावायला आवडतं. वर्दी आवडते."

"तुमच्या पोटची असती तर पाठवली असती?"

मी हो म्हणायला गेले होते, घरून तसंच ठरवून निघाले होते. पण त्या प्रश्नाने मला शेताच्या रस्त्यावरची रिकामी सकाळ दिसली. बातम्यांतल्या तिरंग्यात गुंडाळलेल्या पेट्या दिसल्या. शेवटी म्हणाले, "सांगता येत नाही, मॅडम. भीती वाटते."

निकाल आठवड्याने लागला. अर्ज नामंजूर. जन्मदात्या आईची संमती बेफिकिरीतून आलेली दिसते, आणि जिने मुलीला वाढवलं ती प्रतिपालक मातासुद्धा साशंक आहे, असं त्यात लिहिलं होतं. मुलीचं हित पाहता सज्ञान होईपर्यंत थांबावं. जी तिला विसरली होती तिचा होकार मोडीत निघाला आणि माझी माया तिच्या वाटेत आडवी आली.

कोर्टाच्या पायऱ्यांवर तिने तो कागद दोनदा वाचला.

"साशंक म्हणजे काय, मावशी?"

"शंका असलेली."

"तुमाले शंका होती, तर मले सांगाचं ना. कोर्टाले काहून सांगतलं?"

तुमाले. सात वर्षांत पहिल्यांदा.

नवरा म्हणाला, राग हाय, उतरन. उतरला नाही. भांडली असती तर बरं झालं असतं. ती वेळेवर जेवायची, ताट घासून ठेवायची, विचारलेल्याला उत्तर द्यायची. धावणं बंद. मी एकदा पहाटे तिचे बूट दाराशी आणून ठेवले. तिने ते उचलून कपाटात ठेवले.

शेजारच्या शिक्षिकेची मुलगी त्याच वर्षी भरतीला गेली. तिच्या बापाने स्वयंपाकघराच्या ओट्यावर ठेवून सही केली, पाच मिनिटांत. त्याला कोणी विचारलं नाही की तुला भीती वाटते का. वाटत असणारच. आईबापाची भीती घरात राहते. माझी कोर्टाच्या कागदावर उतरली आणि पुरावा झाली.

अठरा वर्षं पूर्ण झाली तसं समितीचं पत्र आलं. आमची जबाबदारी संपली होती. आम्ही म्हटलं, पत्राचं काय, हे घर तुझंच आहे. ती म्हणाली, "अकोल्याले काम भेटलं मले." एका खाजगी दवाखान्यात रखवालदाराचं. नवरा तिला एसटीत बसवून आला आणि दिवसभर शेतातच राहिला.

पुढच्या वर्षी भरतीची जाहिरात निघाली तेव्हा मी अकोल्याला गेले. दवाखान्याच्या फाटकाशी ती निळ्या गणवेशात उभी होती, वाळलेली. मला खुर्ची दिली, चहा मागवला.

"फॉर्म भरलास का गं?"

"नाई."

"काहून?"

"आता मनच नाई लागत त्याच्यात, मावशी. तुमी बसा. मले गाडी सोडाची हाय." आणि ती रुग्णवाहिकेसाठी फाटक उघडायला गेली. मी अर्धा तास बसले. ती परत माझ्याकडे आली नाही.

गेल्या महिन्यात समितीतून फोन आला. नऊ वर्षांची एक मुलगी आहे, तुमचा अनुभव चांगला आहे, ठेवून घ्याल का. नवरा समोर मेथी निवडत होता. हातातली जुडी तशीच धरून तो माझ्याकडे पाहत राहिला. मी म्हटलं, "यादीतून आमचं नाव काढून टाका."