एका बैलापायी आत्या गेली

माझं लग्न पक्कं व्हायचं ठरलं होतं, त्याच्या दोन दिवस आधी मी माझ्या सख्ख्या आत्याला मारलं. भर दुपारी, नारायणगावच्या रस्त्यावर, चारचौघांत मारलं. आणि तेही एका बैलापायी!

ही मोबाईलच्या आधीची गोष्ट, नव्वद-ब्याण्णवच्या सुमाराची. पेठच्या तात्यांची मंदा मी बघून आलो होतो. बघितलं पाचच मिनिटं, पण तेव्हापासून कांद्याच्या वाफ्यातही मला तीच दिसायची. शुक्रवारी सुपारी फोडून सोयरीक पक्की करायची होती. मध्यस्थानं तात्यांना सांगून ठेवलं होतं, "पोरगं म्हंजे वाघ हाय! उसातला बिबट्या नुसत्या काठीनं हाकलला त्यानं!" (बिबट्या नव्हता, शेजाऱ्यांचं कुत्रं होतं. पण कुत्रंही चांगलं दांडगं होतं.) तात्या तेवढ्यावरच भाळले होते.

तर बुधवारी फवारणीच्या पंपाचा वॉशर आणायला मी नारायणगावला गेलो. वॉशर दोन मिनिटांत मिळाला. परतीच्या एसटीला तीन तास होते आणि समोर टॉकीज होतं. माझा काय दोष?

सिनेमा बैलाचा होता. म्हातारीचा जीव की प्राण असलेला बैल तिचा नालायक मुलगा विकून टाकतो. बैल तीन जिल्हे, दोन नद्या आणि एक मध्यंतर ओलांडून घरी परत येतो, म्हातारीच्या मांडीवर मान टाकतो आणि संपतो. तिथं माझ्या डोळ्यांचे दरवाजे जे उघडले, ते धरणवाल्यांनाही बंद करता आले नसते! रुमाल भिजला, शर्टाची बाही भिजली. शेवटी शेजारच्या अनोळखी बाईनं पदराचं टोक पुढं केलं, तेही भिजवलं.

हुंदके देत गल्लीतून मोठ्या रस्त्याला लागलो, तर समोर तात्या! काखेत माझ्याच मानपानाचं शर्टपीस.

"अवो पावणं! काय झालं?"

आता काय सांगू? बैलासाठी रडतोय? बिबट्या हाकलणारा मी?

"घरी कुनी आजारी हाय का?"

मी मान हलवली.

"कोन?"

"आत्या. घाटघरची."

आत्याच का? तर घाटघर लांब, तिकडं फोन नाही, एसटी दिवसातून एकदा. शुक्रवारपर्यंत तिला खडखडीत बरं करणं माझ्याच हातात होतं. पण तात्यांनी हळूच विचारलं, "लई शिरेस हाय?" आणि नेमकी तेव्हाच मला त्या बैलाची मान आठवली. मी असा हंबरडा फोडला की तात्यांनी डोक्यावरची टोपीच काढली.

"आरारा! गेल्या!"

अशी गेली आत्या.

"चला, तुमच्या घरी जाऊ. मानुसकी हाय का न्हाई?" कापडाच्या दुकानातून काकूंना, म्हणजे माझ्या होणाऱ्या सासूबाईंना, बोलावलं. बाजारातून दोन भाऊ गोळा केले आणि सगळ्यांना आपल्या जीपमध्ये कोंबलं. वाटेत एक पेठकर हात करून उभा होता. तो कुठं चाललोय हे न विचारताच जीपमध्ये चढला.

"तात्या, मला एक सांगायचंय..."

"बोलू नगा. रडून घ्या."

आमच्याकडं दुखवट्याला आलेली बाई अंगणातूनच हेल काढून रडते. घरच्या बाईनं मग काही न विचारता तिच्या गळ्यात पडायचं. आधी रडायचं, मग चौकशी. मध्येच विचारणं म्हणजे पाहुणीचा अपमान! जीपमधून उतरताच काकूंनी आभाळ फाडलं, "कशी गेलीस गं माझे बाईऽऽ! किती गुनाची व्हतीस गंऽऽ!" (काकूंनी आत्याला जन्मात पाहिलं नव्हतं.)

आतून पिठाच्या हातांनी एक बाई धावत आली आणि काकूंच्या गळ्यात पडून त्यांच्या वरताण रडू लागली.

ती आत्या होती! शुक्रवारच्या तयारीला सकाळच्या एसटीनं आली होती. मी तेव्हा वॉशर आणायला गेलो होतो.

आत्या स्वतःसाठी इतकी मनापासून रडली, की तेवढं नंतर कुणी रडेल असं वाटत नाही. आई रडली, शेजारणी रडल्या. पुष्कळ वेळानं आत्यानं नाक पुसलं.

"गप व्हा बाई. पर गेलं कोन?"

"घाटघरच्या आत्या."

"कंची? ह्या घरची घाटघरला दिल्याली म्या येकलीच हाय!"

सगळ्यांनी मिळून माझ्याकडं पाहिलं. मी वॉशरकडं पाहिलं.

बैलाचं सांगावंच लागलं. तात्या लालेलाल झाले. "जित्या मानसाला मारनारा जावई नगं मला! सुपारी बिपारी काय न्हाई. बसा रं जीपीत!" शर्टपीस काखेत मारून ते निघाले. माझी मंदा त्या जीपमधून कायमची चालली होती!

"थांबा पावणं!" आत्या कडाडली. "मेले म्या, तुमी न्हाई. कशापायी मेले ते तरी आइकू द्या! सांग रं मुडद्या!"

मी सांगायला लागलो. बैल विकला तिथं आत्यानं त्या मुलाला शिव्या घातल्या. बैल पुरात उतरला तिथं काकू मटकन खाली बसल्या. बैल दारात आला आणि माझा आवाजच गेला.

"आरं पुढं काय?" जीपमधून तात्या ओरडले.

बोलता येईना, म्हणून मी करूनच दाखवलं. आत्याच्या मांडीवर मान टाकली आणि डोळे मिटले.

अंगणात जो आकांत उसळला, त्यात सगळ्यात मोठा आवाज तात्यांचा! ट्रॅक्टर घेताना गेल्याच साली त्यांनी आपला सर्जा विकला होता. खाली उतरून त्यांनी माझ्याच शर्टपीसनं डोळे पुसले, नाक पुसलं, आणि ते माझ्या हातात दिलं. "घ्या. वल्लं हाय जरा."

हा दुसरा हेल ऐकून भावकी पिठलं-भाकरी घेऊन हजर! (दुखवट्याच्या घरात चूल पेटवत नाहीत ना!) आत्यानं भाकरी मोडता मोडता निकाल दिला, "मानसं हायती, जेवान हाय. सुपारी आजच फोडा. शुक्रवारपातूर ह्यो आनखी कुनाला मारंल!"

फुटली सुपारी. पुढं लग्नही झालं. पाठवणीच्या वेळी सनईनं सूर काय लावला! मंदा कोरडी ठणठणीत, आणि मुंडावळ्या भिजल्या त्या माझ्या. सगळीकडं मुलीचा बाप जावयाला म्हणतो, लेकीला सांभाळा. तात्यांनी माझा हात उचलून मंदाच्या हातात दिला आणि म्हणाले, "मंदे, जप गं ह्याला. नाजूक हाय."