एक नाव राहिलं

माझे बाबा निवृत्त विज्ञान शिक्षक. मांजर आडवं गेलं तर म्हणणार, "त्याचं काही काम असेल तिकडे." सदाशिव पेठेत जन्म गेल्यावर आणखी काय होणार! मला मात्र या समजुती मुळात येतात कुठून, याचंच भारी कुतूहल.

दोन वर्षांपूर्वी माझ्या साखरपुड्यात आत्या मला म्हणाली, "रात्रीचं दही नको गं, सर्दी होते." बाबांनी व्याह्यांसमोर तिला सुनावलं, "सर्दी विषाणूंमुळे होते, ताई. अडाण्यासारखं बोलू नकोस." आत्या भरल्या ताटावरून उठली. माझ्या लग्नालाही आली नाही. आई आधीच गेलेली, मी खराडीला राहायला गेले. बाबांना हक्काने बोलायला कोणी उरलं नाही. आत्या येरवड्यात राहते, स्कूटरने जेमतेम अर्धा तास. पण आधी जाणार कोण? दोघंही एकाच आईची!

परवा रविवारी मी गेले, तर बाबांना उचकी लागलेली. साखर खाऊन झाली, वाकून पाणी पिऊन झालं. मी म्हटलं, "बाबा, नावं घ्या. आठवण काढणाऱ्याचं नाव आलं की थांबते."

"श्वासपटल आकुंचन पावतं, उचक्, त्याचा आठवणीशी, उचक्, काडीचा संबंध नाही!"

तरी अर्ध्या तासाने कंटाळून घेतलीच नावं. माझं, जावयाचं, शाळेतल्या मित्रांची, शेवटी वैतागून दूधवाल्याचंसुद्धा. उचकी चालूच.

"एक राहिलं," मी म्हटलं.

बाबा हळूच म्हणाले, "ताई."

अगं बाई! उचकी थांबली.

"हे कसं काय झालं?" मी विचारलं.

"योगायोग. नाव घेताना क्षणभर माझा श्वास रोखला गेला, बस्स."

"मग दूधवाल्याच्या वेळी का नाही रोखला गेला?"

त्यांनी स्कूटरची किल्ली घेतली.

"कुठे निघालात?"

"पडताळून बघायला. आठवण काढली होतीस का, विचारतो. नाही म्हणाली की विषय संपला."

मी मागे बसले. आत्याने दार उघडलं तेव्हा ना नमस्कार, ना चमत्कार, बाबांनी उंबऱ्याबाहेरूनच विचारलं, "ताई, मला उचकी लागली होती. सकाळी माझी आठवण काढलीस का? खरं सांग."

आत्याने त्यांना खालपासून वरपर्यंत पाहिलं.

"दोन वर्षं रोज काढतेय. तुला उचकी आज लागली होय रे?"