एक रस्ता, दोन नोटिसा

आमच्या गावच्या घरासमोरून दोन हायवे जातात आणि रस्ता एकच आहे. बहारीनमध्ये हे वाक्य मी इतक्या वेळा बोललोय, की मी "आमच्या घरासमोरून" एवढं म्हटलं तरी रूममेट हात जोडायचे. पण खरं आहे ते. साताऱ्याकडून एक हायवे येतो आणि सरळ पूर्वेला जातो. विट्याच्या अंगानं दुसरा येतो, त्याला उत्तरेला जायचं असतं. गावाच्या अलीकडे दोघं एक होतात, पाच-सहा किलोमीटर एकाच डांबरावरून चालतात आणि आमचं घर ओलांडलं की फाट्यावर वेगळे होतात. तेवढ्या पट्ट्यात एकाच खांबावर दोन पाट्या. वरच्या पाटीचा नंबर दोन आकडी, खालचीचा तीन आकडी आणि त्याच्या शेपटाला एक इंग्रजी अक्षर. माझ्या लहानपणी यातलं काही नव्हतं, नुसता 'रोड' होता. आईनं दुष्काळात त्याच रोडवर रोजगार हमीची खडी फोडलीय. नंबर सगळे मागाहून आले.

मी इथं हॉटेलच्या स्टाफची बस चालवतो. गुदैबियातून आणि हूऱ्यातून माणसं उचलायची, झल्लाकच्या रिसॉर्टवर सोडायची, शिफ्ट सुटली की परत आणायची. चौदा वर्षं झाली. या प्रवासात हायवेचं नाव मध्येच बदलतं, रस्ता तोच राहतो. गुदैबियात आमच्या गल्लीची एक बाजू एका ब्लॉकात मोडते आणि समोरची दुसऱ्या, त्यामुळं नवा डिलिव्हरीवाला हमखास समोरच्या कोल्ड स्टोअरपाशी, म्हणजे किराणा दुकानापाशी, उभा राहून फोन करतो. "अरे बाबा, रस्ता एकच आहे, मान वळवून बघ की!" असं मी त्याच्यावर खेकसतो. मला राग चटकन येतो, हे आधीच सांगून टाकतो. आणि रस्त्यातलं आपल्याइतकं कुणाला कळत नाही असा मला माज होता, हेही सांगून टाकतो.

हा माज आईनंच वाढवला. बायको आणि मुलगी शिक्षणापायी साताऱ्यात राहतात, पण आई काही गाव सोडायला तयार नव्हती. ते घर मी एकेका सुट्टीत एकेक खोली करत बांधलेलं. आधी स्वयंपाकघर, मग माजघर, मग पुढची खोली, शेवटी स्लॅब. गवंड्याच्या हाताखाली आई स्वतः उभी. जमीनही तिच्याच नावावर. गावात कुणी काही विचारलं की ती म्हणायची, "थांबा, माझ्या पोराला इचारते. त्यो रस्त्यावरच असतोय, त्याला ठावं असतंय." मग मी इथून फोनवर निकाल द्यायचो.

पहिली नोटीस आली ती वरच्या पाटीची, दोन आकडी नंबरची. रस्ता चौपदरी व्हायचा होता. तेव्हा मी रजा काढून गेलो, प्रांत ऑफिसच्या पायऱ्या झिजवल्या, मोजणीवाल्याच्या मागं टेप धरून चाललो. अंगण गेलं, ओटा गेला, दारातला कडुलिंब गेला. घराच्या पुढच्या भिंतीपासून चार हातांवर ट्रक धावायला लागले. आईनं कडुलिंबाच्या फांद्या मागच्या बाजूला रचून ठेवल्या आणि म्हणाली, "घर ऱ्हायलं न्हवं? मग बास झालं." मी इकडं आलो तो जग जिंकल्याच्या तोऱ्यात. रूमवर सगळ्यांना पेढे वाटले. घर वाचवलं म्हणून पेढे वाटणारा माणूस मी.

दीड वर्षानं दुसरी नोटीस आली. दुपारची वेळ. झल्लाकला स्टाफ सोडून मी बस सावलीला लावली होती, एसी चालू ठेवून डबा उघडला होता. व्हॉट्सअॅपवर आईचा फोटो आला. आईनं काढलेला फोटो म्हणजे कागद तिरका आणि कोपऱ्यात तिचा अंगठा. मोठा करून बघितला. भूसंपादन, गावाचं नाव, आमचा गट नंबर आणि खालच्या पाटीवरचा तो तीन आकडी नंबर. वरच्या चार ओळी वाचल्या आणि मी हसलो. अहो, खरंच हसलो. पान खाली सरकवलंच नाही.

फोन लावला. "आई, हा कागद कुणी दिला?"

"तलाठ्याचा माणूस दिऊन गेला. परत जागा घ्यायची म्हंत्यात रं."

"जुनंच आहे ते. जागा घेतली ना एकदा? आता दुसऱ्या नंबरच्या फाईलला नोंद लावायची असेल, म्हणून तोच कागद फिरवतायत."

"पर ह्यो नंबर निराळा हाय."

"अगं निराळा असणारच! एका रस्त्याला दोन नंबर आहेत, किती वेळा सांगू तुला? म्हणून काय एकच रस्ता दोनदा रुंद करतात?"

मागं ट्रकचे हॉर्न ऐकू येत होते. मग आई म्हणाली, "शेजारचं भावजी साताऱ्याला निघाल्यात. हरकतीचा अर्ज द्यायचाय म्हणं. माजी बी सही मागत्यात. करू का?"

सही म्हटल्यावर माझं डोकंच फिरलं. त्याला कारण होतं. पहिल्या नोकरीत एका अरबी कागदावर मी न वाचता सही केली होती आणि त्यापायी मला दोन वर्षं रजा मिळाली नव्हती. वडील गेले तेव्हा मी इथंच. तेव्हापासून कुणी सही म्हटलं की माझ्या अंगावर काटा येतो. इथल्या आमच्या माणसांत हे सगळ्यांनाच झालेलं आहे. न कळणाऱ्या कागदावर सही करायची नाही, मग समोर कुणी का असेना.

"काही सही-बिही करायची नाही!" मी ओरडलो. "शेजारचे काका भोळे आहेत, त्यांना कुणीतरी नादाला लावलंय. तुझ्या सहीवर काय लिहून घेतील त्याचा नेम नाही. संमती दिली म्हणतील उद्या. कळलं का?"

"बरं," आई म्हणाली. "तू म्हंतोस तर न्हाई करत."

फोन ठेवला आणि मी चपाती-भाजी खाल्ली. पुढच्या आठवड्यात काकांचे दोन मिस्ड कॉल आले. दोन्ही वेळा बसमध्ये माणसं भरलेली, फोन उचलला नाही. शुक्रवारी करू म्हटलं. शुक्रवारी झोपलो. एवढंच झालं, दुसरं काही कारण नाही.

मग महिन्या-दीड महिन्यानं आईचा फोन. आवाज साधाच. "आज माणसं आली हुती मोजायला. चुलीमागच्या भितीवर तांबडा बाण काढून गेली."

"पुढच्या भिंतीवर म्हण."

"न्हाई रं. चुलीमागच्या."

चुलीमागची म्हणजे घराची शेवटची भिंत. तिच्यापलीकडं आमचं काहीच नाही. म्हणजे तिथवर सगळं जाणार. त्या संध्याकाळी रूमवर आलो आणि रत्नागिरीकडचा रूममेट आहे, हॉटेलात कुक आहे, त्याच्या हातात फोन दिला. म्हटलं, हे शेवटपर्यंत वाच, माझ्याच्यानं होत नाही. त्यानं मोठ्यानं वाचलं. काम दुसऱ्या हायवेचं होतं, पहिल्याशी त्याचा काही संबंध नव्हता. फाट्यावर पूल होणार, उत्तरेला जाणारं वळण गावाच्या आतूनच उचलणार. आमच्या गटातलं सगळं क्षेत्र त्यात होतं, घरासकट. आणि हरकत घ्यायला तीन आठवडे दिले होते. तो एक-एक शब्द सावकाश वाचत होता आणि प्रत्येक शब्द त्या फोटोत पहिल्या दिवसापासून होता. अंगठ्याच्या वरतीच तारीख होती.

"रस्ता एक असला तरी कामं दोन आहेत रे," तो हळू आवाजात म्हणाला. "बघू, इंशाल्ला, निघेल काहीतरी मार्ग."

"कसलं इंशाल्ला! खलास झालं सगळं!" मी त्याच्यावरच भडकलो. बिचारा चहा आणायला खाली गेला.

दुसऱ्या दिवशी प्रांत ऑफिसात फोन लावला. मुदत संपली, सुनावणी झाली, आता फक्त मोबदला. मग लाज गुंडाळून काकांना फोन केला. ते काही टोचून बोलले नाहीत, त्याचाच जास्त त्रास झाला. त्यांनी आणि पलीकडच्या दोन घरांनी हरकत घेतली होती. साहेब जागेवर आले, समोरच्या अंगाला नुसती पडीक जमीन आहे हे त्यांनी पाहिलं आणि आखणी सरकवली. तीन घरं वाचली. "तुमच्या घराच्या वतीनं कुणी उभंच न्हवतं बाबा," काका म्हणाले. "वळण कुठनं तरी धरायला लागतंच. ते तिथनं धरलं."

कुणी उभं नव्हतं, कारण मी उभं राहू दिलं नाही. हे मी आईला सांगायला हवं होतं. सांगितलं काय, तर, "सरकारी काम आहे आई, त्यापुढं कुणाचं चालत नाही." ती "व्हय" म्हणाली. शेजारची घरं कशी राहिली, हे तिनं विचारलं नाही. विचारलं असतं, भांडली असती, चार शिव्या दिल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं. त्या दिवसांत बस चालवताना मी स्वतःशीच मोठ्यानं बोलायचो. एकदा मागच्या सीटवरच्या नेपाळी बाईनं विचारलं, "भैया, तबियत ठीक है?" मी म्हटलं, ठीक आहे.

घर रिकामं करायची नोटीस आली तेव्हा रजा मिळाली. बायको-मुलगी साताऱ्याहून आल्या. आईला तिकडं दोन खोल्यांत न्यायचं ठरलं होतं. सकाळी टेम्पो आला. मी कपाटं, पलंग, भांड्यांची पोती बाहेर काढत होतो. आईनं स्वयंपाकघरातला गॅस सुटा केला, शेगडी पुसली आणि ओला फडका हातात घेऊन तशीच उभी राहिली. मी आत गेलो की ती कुठलंतरी काम काढायची, माझ्याकडं बघायची नाही.

दहा-साडेदहाला काका चहाची किटली घेऊन आले, कारण आमची चूल बंद झाली होती. मागून त्यांच्या घरच्या बाया, पलीकडच्या दोन घरांतली माणसं. सगळी रिकाम्या पुढच्या खोलीत उभी राहिली. बसायला काही उरलंच नव्हतं. काकांच्या मनात बरेच दिवस खदखदत असावं. ते माझ्याकडं बघून म्हणाले, "एक इचारू का रं? वाईट वाटून घिऊ नगंस. तीन येळा मी वहिनींना म्हटलं, सही करा. तुला दोनदा फोन लावला. तुझ्यासारख्या जग बघितलेल्या माणसाला कळलं कसं न्हाई?"

माझं तोंड उघडलं होतं, देवाशपथ उघडलं होतं. पण त्याआधी आई बोलली.

"त्याच्यावर नका घालू भावजी," ती म्हणाली. "त्यानं मला चारदा सांगितलं हुतं, आई सही कर म्हणून. मीच न्हाई केली."

काकांच्या घरातली एक बाई म्हणाली, "अवं, पर का?"

"हट्ट केला. मला वाटलं एकदा जागा दिलीया, आता कोण मागतंय."

"बघा की आता!" ती बाई म्हणाली. "तुमच्या हट्टापायी पोरानं परदेशात राबून बांधलेलं घर गेलं."

"व्हय," आई म्हणाली. "चुकलंच माझं."

माझी मुलगी दारात उभी होती, ती आजीकडं बघत होती, रागानं. बायकोही. एवढंच म्हणायचं होतं, नाही काका, मीच अडवलं. चार शब्द. आई फडक्याची घडी घालत होती आणि अजूनही माझ्याकडं बघत नव्हती. काका मान हलवत म्हणाले, "तरी मी म्हणतच हुतो, ह्याला कळलं नसंल असं हुयाचं न्हाई." मग त्यांनी कप भरला आणि माझ्यापुढं धरला. मी तो घेतला आणि चहा प्यायलो.