पोटाला चोळलेली दारू

डॉक्टरनं नाकाला रुमाल लावला आणि माझ्या नवऱ्याच्या फुगलेल्या पोटावर छडी टेकवली. हात नाही, छडी. मागं उभ्या कंपाउंडरांना म्हणाला, "हे मोहाच्या दारूचं पोट. या ढिवरांना मासे आणि दारू, तिसरं काही कळत नाही."

सगळे हसले.

चांद्याचा दवाखाना. कुरखेड्याकडून बंडीनं, मग मोटारीनं आलो होतो. नवरा तळ्यात जाळं टाकणारा. दारू कधी प्यायला नाही. लग्नकार्यात पितरांच्या नावानं जमिनीवर सांडायचा, तेवढीच.

पावसाळ्यात त्याचे डोळे पिवळे झाले, लघवी काळ्या चहासारखी. वैदूनं चुन्याच्या पाण्यात त्याचे हात धुतले. पाणी पिवळं झालं. कावीळ उतरली म्हणाला आणि कोंबडा घेऊन गेला. पुढं पाय सुजले, पोटात पाणी भरलं. तोच वैदू परत आला आणि पोटाला मोहाची दारू चोळून गेला. तो वास डॉक्टरच्या नाकात शिरला.

मी म्हटलं, "हे पेत नाई, सायेब. दारू वरून चोळली हाये. डोळे पाहा."

"आधी पितो म्हणून कबूल कर. मग बघतो."

पलीकडच्या खाटेवर जमीनदार मालगुजाराचा भाऊ. पोट तेवढंच. विलायती दारूचा भपकारा दारापर्यंत. त्याच्याजवळ मात्र डॉक्टर स्टुलावर टेकला होता, मनगट हातात घेऊन. "यकृताला सूज आहे, काकासाहेब." त्याला यकृत होतं. माझ्या नवऱ्याला नुसतं पोट.

नवरा हळूच म्हणाला, "म्हून टाक व, पेतो म्हून. डॉक्टर पाहीन तरी."

मी तसं म्हटलं नाही. छडी बाजूला सारली, नवऱ्याची पापणी खाली ओढली. "कशानं झालं ते तुमी शोधा. तुमचं काम हाये. मी खोटं बोलणार नाई."

अख्खा वार्ड पाहत होता, काकासाहेबसुद्धा. डॉक्टरला वाकावं लागलं.

मग त्यानं भिंतीकडं पाहत सांगितलं. कावीळ आत मुरली, यकृत दगडासारखं झालं. न पिणाऱ्यालाही होतं. दारूनं बिघडतं ते वेगळं, पित्ताचा खडा अडकून डोळे पिवळे होतात ते वेगळं. सगळं ठाऊक होतं त्याला. वास आला की विसरायचा.

उशीर झाला होता. होळीआधी रक्ताची उलटी झाली आणि नवरा गेला.

आता गावात कुणाचे डोळे पिवळे दिसले, पाय सुजले, शौच डांबरासारखं झालं, माणूस बरळू लागला, की मी चुन्याचं भांडं उपडं करते आणि बंडी जुंपायला लावते. बायका म्हणतात, आधी अंग धुऊन नेऊ, वास जाईल. मी धुऊ देत नाही. वास आला तरी डॉक्टरनं हात लावायचा. खरोखर प्यायलेला असला तरी लावायचा. लावेपर्यंत मी खाटेपासून हलत नाही.