विहिरीचा जॉब पुढं कुणी घेतला?

भूतखेत, करणी, अंगात येणं असल्या गोष्टी आमच्या घरात कुणी बोलतसुद्धा नव्हतं. वडील शाळेत विज्ञान शिकवायचे, मी सिव्हिल इंजिनिअरिंग शिकवते. या सदरातले अनुभव मी आवडीनं वाचते, पण खरं सांगायचं तर थोडं हसायला म्हणूनच वाचते. आज मीच लिहायला बसलेय याचं मला नवल वाटतंय. त्यात माझ्या अनुभवात पिंपळ नाही की अमावस्या नाही... एक कॉम्प्युटर आहे, आणि तोही दिवसाढवळ्या.

बीडच्या बाहेर हायवेला लागून असलेल्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात मी तेव्हा होते. कॉलेजचं नाव सांगत नाही. दुष्काळाचं वर्ष होतं. हॉस्टेलला टँकर, गावांना टँकर, आणि सगळ्या कॉलेजात गार अशी एकच खोली – क्लस्टरची. जुन्या लॅबमधले कॉम्प्युटर एकमेकांना जोडून त्यांचं एक मोठं मशीन केलं होतं, त्याला आम्ही क्लस्टर म्हणायचो. मोठी आकडेमोड असली की सगळे प्राध्यापक आपापलं काम, म्हणजे जॉब, त्याला द्यायचे. मशीन एक आणि गिऱ्हाइकं लई, म्हणून रांग.

पण ही रांग टँकरपुढच्या रांगेसारखी नव्हती. आधी घागर ठेवली म्हणून आधी नंबर, असं नाही. मशीन प्रत्येक जॉबला गुण द्यायचं. किती वाट पाहिली त्याचे गुण, आजवर मशीन कमी वापरलं असेल तर त्याचे, काम लहान असेल तर त्याचे. ज्याची बेरीज जास्त, त्याचा नंबर आधी. एक कमांड दिली की हे सगळे गुण वेगवेगळ्या रकान्यांत स्क्रीनवर दिसायचे. मी सकाळी आल्या आल्या पर्स टेबलावर ठेवायच्या आधी ती कमांड द्यायचे – आपल्या पुढं कोण आहे, आणि कशामुळं आहे, ते बघायला.

मशीनचा सगळा कारभार अश्फाक सरांकडं होता. बीडचेच, माझ्याच वयाचे, तोलून बोलणारे. एसीच्या आशेनं आम्ही दोघं त्या खोलीतच डबा खायचो. कुठल्याही जॉबचा नंबर हातानं पुढं घ्यायचा अधिकार फक्त त्यांना होता. आम्हा बाकीच्यांना स्वतःचा जॉब मागं ढकलता यायचा, पुढं आणता यायचा नाही. हे लक्षात ठेवा.

आता दुसरी बाजू. चौसाळ्याच्या पुढं हायवे सोडून आत गेलं की माझ्या मामांचं गाव लागतं. तिथं शेतकऱ्यांची पाणीवापर सहकारी संस्था होती. संस्थेची सामाईक विहीर आटली होती आणि सभासद पाळीपाळीनं आत उतरून ती खोल करत होते. मामा संस्थेचे संचालक, पण कडेला उभं राहून हुकूम सोडणाऱ्यांतले नव्हते. पहिली पाळी त्यांचीच असायची. संस्थेच्या चेअरमनना सगळे आबा म्हणत. आबांचं मन विहिरीत नव्हतं. त्यांना गावच्या पाझर तलावाची भिंत दुरुस्त करायची होती, आणि तलावाच्या खाली जमीन कुणाची आहे हे गावात सगळ्यांना माहीत होतं. विहिरीवर धनगरांच्या मेंढरांपासून सगळ्यांची तहान भागायची, भिंतीनं मात्र मोजक्यांचं भलं होणार होतं. त्यावरून गावात दोन तट पडले होते.

आमच्या कॉलेजनं दोन्ही कामांचा अभ्यास करून द्यायचं कबूल केलं. माती-मुरमाचे नमुने आणले, तपासले. भिंत टिकेल का, आणि विहीर आणखी खाली नेली तर तिच्या बाजू टिकतील का, एवढं मशीनवर बघायचं होतं. प्राचार्यांनी मला बोलावून भिंतीचं आधी करा म्हणून सांगितलं. आबांचा फोन येऊन गेला असणार, हे कळायला फार डोकं लागत नव्हतं. मी भिंतीचे जॉब लावले, सगळ्यात शेवटी विहिरीचा लावला, आणि तो स्वतःच आणखी मागं ढकलून ठेवला. विहीर जुनी, आजवर कधी खडासुद्धा पडलेला नाही. तिची मला काळजी वाटत नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी कमांड दिली, तर विहिरीचा जॉब रांगेत पहिला. भिंतीचे माझे जॉब, प्राचार्यांच्या पीएचडीच्या विद्यार्थ्यांचे जॉब, सगळे त्याच्या खाली.

मला आधी वाटलं, मागं ढकलताना माझंच काही चुकलं. मग रकाने नीट पाहिले. वाट पाहिल्याचे गुण पूर्ण भरलेले होते. आमच्या मशीनवर ते गुण पूर्ण व्हायला जॉबनं वर्षभर रांगेत थांबावं लागायचं, तशीच व्यवस्था केलेली होती. मी तो आदल्या संध्याकाळी लावला होता. आणि मशीनच सुरू झालं होतं गेल्या दिवाळीनंतर. म्हणजे ज्या रांगेला अजून वर्ष झालं नव्हतं, त्या रांगेत माझा जॉब वर्षभर उभा होता.

भीती वगैरे काही वाटली नाही. मला राग आला. कारण माझ्या डोक्यात लगेच हिशेब जुळला. दोनच दिवसांपूर्वी आबांची पांढरी गाडी कॉलेजात उभी होती आणि आबा अश्फाक सरांच्या खोलीतून बाहेर पडताना मी पाहिले होते. आधी भिंतीची घाई करणाऱ्या आबांना आता नवीन युक्ती सुचली असणार. विहिरीचा रिपोर्ट लवकर यावा, तो वाईट यावा, विहिरीचं काम बंद पडावं आणि गावाची सगळी यंत्रणा भिंतीकडं वळावी – आबांना एवढंच तर हवं होतं.

मी सरांना सरळ विचारलं नाही. जॉब पुन्हा सगळ्यात मागं ढकलला आणि दिवसभर लक्ष ठेवलं. दुपारी तो परत पहिला. तोवर मशीनवर दुसऱ्या कुणाचं तरी मोठं काम चालू होतं म्हणूनच तो थांबला होता. डबा खाताना मी सहज म्हटल्यासारखं म्हटलं, की रांगेत कुणीतरी हात घालतंय. अश्फाक सरांनी घास तसाच ठेवला. माझ्याकडं बराच वेळ पाहिलं. मग म्हणाले, “मॅडम, आपुन असले धंदे करत न्हाई.”

मी तुमचं नाव घेतलं नाही, असं मी म्हटलं. त्यांनी डब्याचं झाकण लावलं. पण त्यांची ती नजर मला खटकली. चोर पकडला गेल्यावर बघतो तशी नव्हती. उलट मीच काहीतरी लपवतेय आणि ते त्यांना कळलंय, अशी काहीतरी होती. मला ते सोंग वाटलं.

तिसऱ्या दिवशी पहिलं लेक्चर घेऊन आले, तर विहिरीचा जॉब चालून संपलेला होता. निकाल स्क्रीनवर होता. विहिरीची पूर्वेकडची बाजू वरपासून खालपर्यंत लाल. मामा आणि बाकीचे ज्या खोलीवर पोचले होते, तिथंच ती बाजू टिकत नव्हती. पुढं खणायचा प्रश्नच नव्हता.

मी खुर्चीत बसून राहिले. माझ्या मनात काय चाललं होतं, ते प्रामाणिकपणे लिहिते. जॉब जर कुणी पुढं ओढू शकतो, तर निकालही बदलू शकतो. मी आता मामांना फोन केला आणि काम थांबवलं, तर आबांचा डाव माझ्याच हातानं पुरा होणार. गाव पाण्यावाचून राहणार आणि खापर माझ्यावर. आणि फोन नाही केला, तर... मामा आत होते.

मी फोन केला. वर असलेल्या कुणीतरी उचलला, मामांना वर बोलवा म्हटलं. दोर ओढणाऱ्या यारीचा आवाज फोनवर ऐकू येत होता. मामा आले ते वैतागूनच.

“पाझर लागायलाय बघ आता. अन् तू वर या म्हनतीस?”

पूर्वेची बाजू धोक्याची आहे, सगळ्यांना बाहेर काढा, असं मी सांगितलं. ते फोन घेऊन दोन पावलं बाजूला गेले. मग हळू आवाजात, शेजारच्याला ऐकू जाऊ नये असं, म्हणाले, “हे तू सांगायलीस का आबा सांगायलाय?”

मला त्या क्षणी खरंच माहीत नव्हतं. तरी म्हटलं, “मी सांगतेय, मामा.”

त्यांनी आणखी काही विचारलं नाही. माणसं वर घेतली. आता वर आलोच आहोत तर भाकरी खाऊन घेऊ, म्हणून सगळे लिंबाखाली बसले. तिथं बसलेले असतानाच पूर्वेची बाजू आत गेली. यारीचा एक पाय तिच्याबरोबर खाली गेला. माणूस एकही नाही.

तुम्हाला वाटेल, यानंतर गावानं माझं कौतुक केलं असेल. तसं झालं नाही. बाईनं फोन केला अन् विहीर ढासळली, ही गोष्ट अर्ध्या गावाला पटेना. आबांनीच काहीतरी घडवून आणलं आणि भाचीला हाताशी धरलं, असं मामांच्याच तटातले लोक म्हणू लागले. मामा त्यांच्याशी भांडले, पण मलाही त्यांनी पुढं एकदा बाजूला घेऊन विचारलंच. कुणी म्हणालं, त्या विहिरीत पूर्वी कुणी जीव दिला होता, त्याचं हे काम. मी म्हाताऱ्या माणसांकडं चौकशी केली. तसं कधीही काही झालेलं नव्हतं.

माझ्यापुरतं स्पष्टीकरण तयार होतं. अश्फाक सरांनी आबांसाठी जॉब पुढं घेतला, आणि निकाल नेमका खरा निघाला. वाईट हेतूनं केलेल्या कामातून माणसं वाचली, एवढंच. मी तक्रार केली नाही, कारण मामा जिवंत होते. पण सरांबरोबर डबा खाणं बंद केलं. कामापुरतं बोलायचे. वर्षभरात ते पुण्याला नोकरीला निघून गेले, जाताना मी त्यांना भेटलेही नाही.

बरीच वर्षं गेली. मागच्या हिवाळ्यात आमच्या एका जुन्या सहकाऱ्याच्या मुलीचं लग्न दिंद्रुडला होतं. मांडवात अश्फाक सर दिसले. दाढी पांढरी झालेली. मी टाळणार होते, पण तेच पुढं आले. घरच्यांची विचारपूस झाली, मामांची झाली. मामा अजून ठणठणीत आहेत म्हटल्यावर त्यांना मनापासून बरं वाटलं. मग ते म्हणाले, “आता इतकी वर्षं झाली मॅडम. त्या वक्ताला माझा पासवर्ड कुठून मिळवलता, ते तरी सांगा.”

मला आधी कळलंच नाही. मग कळलं तसं मी मांडवाच्या कडेची खुर्ची ओढून बसले.

त्यांच्या मते ते सगळं मी केलं होतं. मामा विहिरीत होते, म्हणून मी चोरून जॉब पुढं घेतला. प्राचार्यांनी त्यांना जाब विचारला होता, की आमचे जॉब मागं का पडले. माझी नोकरी जाऊ नये म्हणून त्यांनी मशीनमध्ये बिघाड झाला असं लिहून दिलं होतं आणि बोलणी खाल्ली होती. एवढं करूनही मी बोलणं का तोडलं, हे त्यांना आजवर कळलं नव्हतं. आबा त्या दिवशी त्यांच्याकडं आले होते ते नातवाच्या ॲडमिशनचं विचारायला.

मी माझा संशय त्यांना सांगितला. ते चिडले नाहीत. म्हणाले, जॉब पुढं घ्यायचा असता तर त्यांनी एकूण बेरीज वाढवली असती. वाट पाहिल्याचा रकाना मशीन स्वतः मोजतं, तो त्यांच्याही हातात नव्हता. घड्याळ बिघडलं असतं तर रांगेतल्या सगळ्यांचेच गुण वाढले असते. वाढले होते ते एकाच जॉबचे. मी असं काय केलं असेल, याचा त्यांनी पुण्याला गेल्यावरही पुष्कळ विचार केला होता.

या क्षेत्रातल्या वाचकांनी काही सुचवलं तर मी जरूर विचार करीन. आम्ही दोघांनी त्या दिवशी पंगत उठेपर्यंत सगळं तपासून पाहिलं, हाती काही लागलं नाही. इतकी वर्षं मला तो अनुभव अमानवीय वाटलाच नव्हता. त्यांनाही नाही. मी त्यांच्यावर संशय घेत होते, ते माझ्यावर, आणि तोवर दोघांनाही रात्री झोप लागत होती. निदान कुणीतरी माणसानं केलं होतं ना ते...

निघताना अश्फाक सर मोटारसायकलपाशी थांबले. म्हणाले, “मॅडम, अजूनबी तुमीच केलं असंल तर सांगून टाका. मला राग न्हाई येनार. उलट बरं वाटंल.”

 मलाही त्यांना अगदी हेच म्हणायचं होतं.