कॅसेटमधली सूं

घरात शांतता झाली की आजकाल मी आवाज शोधायला लागतो. लोक शांततेसाठी डोंगरात जातात. मी पंखा लावतो, टीव्ही लावतो, बाथरूमचा नळ थोडा उघडा ठेवतो. बायको नळ बंद करते आणि विचारते, "पाणी काय तुझ्या सासऱ्याचं आहे?" माझा सासरा म्हणजे तिचेच वडील, पण हे लक्षात आणून द्यायची ती वेळ नसते.

या सगळ्याला जबाबदार आहे चौऱ्याण्णव साल.

आम्ही तिघं मित्र. तिघंही पन्नाशीला टेकलेले, तिघांचीही पोटं आमच्या आधी दारातून आत येतात, आणि तिघांनाही हिप-हॉपचं, म्हणजे ठेक्यावर बोलून म्हणायच्या अमेरिकन गाण्यांचं वेड. रविवारी जेवणं आटोपली की पूनम सागर कॉम्प्लेक्समध्ये एकाच्या घरी जमतो. त्याचं भाईंदरच्या केबिन रोडला मोबाईलच्या कव्हरांचं दुकान आहे. गुजराती आहे, पण भांडतो मराठीत, म्हणजे आमच्यातच जमा. दुसरा उत्तनचा, ख्रिश्चन, घरची होडी भावावर सोपवून एसी दुरुस्तीत पडलेला. तिसरा मी. मी ऑफिसात जातो आणि परत येतो, यापलीकडे त्या नोकरीबद्दल सांगण्यासारखं काही नाही.

भांडणाचा विषय ठरलेला: हिप-हॉपचं सोन्याचं साल कोणतं? दुकानदाराचं म्हणणं, अठ्ठ्याऐंशी. "पाया, बॉस, पाया! पायाच नसता तर तुमचं चौऱ्याण्णव काय हवेत बांधलं असतं?" उत्तनवाला आणि मी चौऱ्याण्णववाले. आमचं म्हणणं असं की त्याआधी ही मंडळी स्टेजवरून ओरडून बढाई मारायची. चौऱ्याण्णवात ती खाली उतरली, बिल्डिंगच्या जिन्यात आपल्या शेजारी बसली आणि हळू आवाजात गल्लीची हकिकत सांगायला लागली. खाली ढोल संथ, जाड. वर कुठल्यातरी जुन्या रेकॉर्डचा उचललेला तुकडा, पुन्हा पुन्हा फिरणारा. आणि त्या दोन्हींच्या मध्ये चिक-चिक वाजणारी ड्रमची छोटी झांज.

हे झालं बोलायचं कारण. खरं कारण म्हणजे चौऱ्याण्णव साल आमच्याकडे एका कॅसेटमधून आलं. उत्तनवाल्याचा मामा बोटीवर होता. त्याने अमेरिकेतल्या कुठल्याशा बंदरात रेडिओवरून तासभर गाणी भरून घेतली, ती कॅसेट भाच्याला दिली. केबिन रोडला तेव्हा दुकानदाराचे वडील रेडिओ दुरुस्त करायचे आणि त्यांच्याकडे दोन कॅसेटांचा डेक होता. मूळ कॅसेटची कॉपी झाली, कॉपीची कॉपी झाली, आणि प्रत्येक पिढीत गाण्यामागची सूं वाढत गेली. माझ्या वाट्याला आली ती मूळ कॅसेटची खापरपणती. तिच्यात गाणं थोडं आणि सूं फार.

शब्द आम्हाला काडीचे कळायचे नाहीत. मी तरीही अख्खी कॅसेट पाठ केली, गाण्यांच्या मधलं बोलणंसुद्धा. कॉलेजच्या गॅदरिंगला मी छाती पुढे काढून जे शेवटचं कडवं म्हटलं, तो हवामानाचा अंदाज होता, हे मला पुढे बऱ्याच वर्षांनी कळलं. उद्या बर्फ पडणार, पुलावर गाड्या तुंबल्या आहेत, सावकाश चालवा. भाईंदरच्या पोरांनी त्याला वन्स मोअर दिला होता.

आता तीच गाणी फोनवर मिळतात, धुऊन-पुसून स्वच्छ. मला ती पटत नाहीत. मी दर रविवारी यावर भाषण देतो. ब्युटी पार्लरमधून आलेली नवरी बापालाच ओळखू येत नाही, तशी ही गाणी. आमचं साल त्या सूंमध्ये आहे, ती काढलीत की राहतो फक्त पुरावा. मला हे वाक्य फार आवडतं. बाकी दोघं ते ऐकताना चिवडा खातात.

मागे एका रविवारी मी ठरवलं, यांना दाखवूनच द्यायचं. घरातला जुना डेक पिशवीत घातला, खापरपणती खिशात घातली आणि बेव्हर्ली पार्कमधल्या माझ्या घरून घामाघूम होत पूनम सागरला पोचलो. डेक टीपॉयवर ठेवला. बटण दाबलं. एक बोट वर केलं.

"आता गाणं सुरू व्हायच्या आधीचं ऐका. नुसतं ऐका. ही सूं!"

दोघं ऐकायला लागले. मी डोळे मिटले. काय सूं होती! एकसारखी, बारीक, लांबून येणारी. मला जिना दिसला, ते वय दिसलं, दुकानदाराच्या वडिलांचं सोल्डरिंग दिसलं.

"काय आयकू?" उत्तनवाल्याने विचारलं.

"सूं! येत नाही ऐकू?"

"मला तं काय न्हाय आयकू येत."

"कान साफ करून घे," मी डोळे न उघडता म्हटलं. हे वाक्य माझ्यावर पुढे कसं उलटणार होतं, ते त्या वेळी ठाऊक नव्हतं.

"अरे बापा," दुकानदार म्हणाला, "डोळे उघड एकदा."

उघडले. उत्तनवाल्याच्या हातात डेकची वायर होती. तिच्या टोकाला प्लग लोंबकळत होता. तो भिंतीत लावलेलाच नव्हता.

दोघं इतके हसले की आतून वहिनी बघायला आल्या. "चौऱ्याण्णव साल विजेशिवाय चालतं, बॉस!" दुकानदाराला अठ्ठ्याऐंशीचा विजय झाल्यासारखं वाटलं. मीही हसलो, सगळ्यात मोठ्याने हसलो. कारण हसणं थांबवलं की मला ती पुन्हा ऐकू येत होती. सूं.

घरी चालत जाताना दोन्ही कानांत बोटं घातली. सूं. लिफ्टमध्ये, सूं. उशीखाली डोकं घातलं, तिथे आणखी स्पष्ट. ती कधीपासून आहे, हेच मला आठवेना. कदाचित वर्षभर मी माझ्याच डोक्यातला आवाज जुन्या आठवणी म्हणून चवीने ऐकत होतो. फोनवर शोधलं. फोनवर आजार शोधणाऱ्याला जे मिळतं तेच मिळालं: पहिल्या ओळीत घाबरू नका, दुसऱ्या ओळीत गाठ. मी तिसरी ओळ वाचली नाही.

बायकोला सांगितलं नाही. सांगितलं की ते खरं झालं असतं. पण मग जुन्या खुणा एकेक करून समोर यायला लागल्या. टीव्हीचा आवाज वाढवल्यावरून होणारी भांडणं. ऑफिसात कुणी काही बोललं की नुसतं हसून मान डोलवायची माझी नवी सवय. त्या आठवड्यात बायको बाथरूममधून ओरडली, "दूध उतू जातंय!" मी विचारलं, "उत्तनला? कोण जातंय?" दूध गेलं ते गेलंच, वर शेगडी मी पुसली.

एका दुपारी घरी कुणी नसताना कॅसेट लावली. या वेळी प्लग आधी दोनदा तपासला. ढोल आला. माणूस बोलायला लागला. पण मधली ती छोटी झांज, चिक-चिक, ती कुठेच नव्हती. मी कान स्पीकरला लावला. नव्हती. जी गोष्ट मी बोटांनी टेबलावर वाजवून दाखवू शकतो, ती वाजतच नव्हती.

घाबरलेला माणूस दोष यंत्राला देतो. मी ठरवलं, डेकच्या हेडवर, टेप घासत जाते तिथे, धूळ बसली असणार. स्पिरिट आणलं, इअरबड घेतला, हेड चकाचक केलं. आणि मग, देव जाणे कुठल्या बुद्धीने, तोच बड उलटा करून त्याचं कोरडं टोक उजव्या कानात घातलं. म्हटलं, चाललंय तर आपलंही हेड साफ होऊन जाऊ दे.

दुसऱ्या दिवशी सकाळी उठलो तर उजवा कान बंद. कमी नव्हे, बंद. जग एका बाजूने उशीत गुंडाळल्यासारखं झालेलं, आणि आत सूं दुप्पट. मी पलंगावर बसून उजव्या कानाशी चुटकी वाजवली. बोटं हलताना दिसली. मी ती परत परत वाजवत राहिलो, आणि मला रडू यायला लागलं. खरं सांगतो, त्या क्षणी मला बायको आठवली नाही, नोकरी आठवली नाही. कुठली कुठली गाणी नीट ऐकायची राहून गेली, तेवढंच आठवलं. दर रविवारी मी बडबडत होतो, ती वाजत असताना. भाषणं देत होतो.

दूध आणायला खाली उतरलो. रस्ता ओलांडताना रिक्षा अगदी कोपराला घासून गेली. "अंकल, बहरे हो क्या?" हे मात्र डाव्या कानाने स्पष्ट टिपलं. मी तिथल्या तिथे उभा राहिलो.

घरी येऊन बायकोला सगळं सांगितलं. प्लगपासून.

"आणि हे तू आत्ता सांगतोयस?" ती म्हणाली.

"मला वाटलं तू हसशील."

"हसेन ना. आधी डॉक्टरकडे चल, मग हसते."

कानाच्या डॉक्टरांनी उजव्या कानात दिवा घातला, 'अच्छा' म्हणाले, चिमटा घातला आणि आतून एक मळकट पांढरी गोळी काढून ट्रेमध्ये ठेवली. कापूस. बडचा कापूस माझ्या कानात राहिला होता. जग एकदम परत आलं, एसीची घरघर, बाहेर कुणाचं तरी पोर. बायकोने ट्रेकडे बघितलं आणि तोंडावर पदर धरला. सुटलो, म्हणून मीही हसलो. डॉक्टर हसले नाहीत.

"तो सूं आवाज कापसाचा नाही," ते म्हणाले. "तपासणी करून घेऊ."

एका बंद काचेच्या खोलीत मला बसवलं, कानांना हेडफोन, हातात बटण. बाहेर एक मुलगी यंत्रापाशी. "बीप ऐकू आली की दाबायचं, काका."

पहिल्या काही बीपा आल्या, दाबलं. मग त्या बारीक होत गेल्या, आणि मग नुसती सूं. काचेपलीकडे ती मुलगी माझ्याकडे बघत होती. म्हटलं, बीपा काही अंतराने येतायत, म्हणजे त्याला एक ठेका असणार, आणि ठेका हा तर आपला विषय. मी मनात एक-दोन-तीन-चार मोजून चारला बटण दाबायला लागलो. झकास बसत होतं. इतका आत्मविश्वास आला की पाऊलही हलायला लागलं.

तिने दार उघडलं. "काका, मी आत्ता काहीच वाजवत नव्हते."

दुसऱ्यांदा. बिनप्लगाचं चौऱ्याण्णव पुन्हा एकदा मी एकट्याने ऐकलं होतं.

मग खरी तपासणी झाली. कागदावर दोन रेघा आल्या, डाव्या कानाची आणि उजव्या कानाची. सुरुवातीला सरळ, आणि उंच आवाजांकडे जाताना दोन्ही धाडकन खाली. गाठबीठ काही वाटत नाही, डॉक्टर म्हणाले, पण जे गेलं ते परत येत नाही. उरलंय ते जपा. हेडफोन कमी. काही महिन्यांनी परत या, आणखी उतरलं का ते बघू.

"आणि सूं?"

"ती राहील. सवय होते."

"झांज?" मी विचारलं. त्यांना कळलं नाही. बायकोला कळलं. तिने माझा दंड धरला, आणि उरलेलं हसायचं राहूनच गेलं.

पुढच्या रविवारी मी जाणारच नव्हतो. चौऱ्याण्णवचा वकील, आणि त्यालाच पुरावा ऐकू येत नाही. पण उत्तनवाला स्कूटर घेऊन दारात उभा. बायकोने फोन केला असणार. पूनम सागरमध्ये मी दोघांना सगळं सांगितलं. कापसाच्या गोळीपर्यंत ते हसले, त्यानंतर नाही. दुकानदाराने हातातला कप खाली ठेवला.

"माझी पण एक बाजू जाते कधीकधी," तो म्हणाला. "मी कुणाला बोललो नाही."

मग उत्तनवाला उठून माझ्या उजव्या बाजूला येऊन बसला. कॉलेजात हा तोंडाने ड्रम वाजवायचा. समोरच्याला रुमाल लागायचा. "लाव कॅसेट," त्याने दुकानदाराला सांगितलं, आणि मला म्हणाला, "झांज मी देतंय. आयकू आली तं सांग." आणि माझ्या कानाशी तोंड आणून सुरू झाला: त्स, त्स, त्स, त्स.

"काय येतंय?"

"थुंकी," मी म्हटलं. "पण ठेक्यात."

आता दर रविवारी हे असं चालतं. डेक लावला जातो, बटण दाबलं जातं, आणि ढोल यायच्या आधी फक्त सूं असते. ती माझी की कॅसेटची, ते मला सांगता येत नाही. म्हणून मी विचारतो, "सुरू झालं?" ते दोघं मान डोलवतात. पण हे हरामखोर आहेत, एकदा प्लग न लावताच त्यांनी गंभीरपणे मान डोलवली होती. म्हणून मी त्यांच्या तोंडाकडे बघत राहतो. हात सोफ्याच्या लाकडावर ठेवतो, कारण ढोल आधी तिथे कळतो. गेल्या खेपेला तो यायला नेहमीपेक्षा उशीर लागला असं मला वाटलं. उत्तनवाल्याने मान डोलवली. दुकानदार चहात बघत होता. मी लाकडावर बोटं घट्ट दाबली आणि थांबलो.

मग हाताखाली धम्म झालं.